हातात सा नसताना

माझ्या वडिलांचा आवाज गेला, असं आमच्या गावात वर्षभर समजलं जात होतं. आवाज गेला नव्हता. मी त्यांना चुकीच्या सुरावर चढवून दिलं होतं, आणि ही गोष्ट गावात फक्त मला माहीत होती. त्या वर्षाची मला आजही लाज वाटते. लाज वाटते म्हणूनच लिहायला बसले आहे. एरवी मला लिहिण्याची हौस नाही आणि माझं अक्षरही चांगलं नाही.

आमचं गाव रावेरकडचं, म्हणजे केळीचं. वडिलांना घरातही नाना म्हणायचे आणि गावातही. दिवसा बाग, संध्याकाळी मंदिर, एवढं त्यांचं जग. भजनी मंडळात पहिला सूर नानांचा. त्यांनी ओळ उचलायची आणि टाळकऱ्यांनी झेलायची. मंडळाचे पेटीवाले वारले तेव्हा दुसरं कोणी मिळेना, म्हणून नानांनी मला पेटीवर बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पोरगी पेटीवर बसली म्हणून चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी केळीचा भाव पडला आणि लोकांना बोलायला दुसरा विषय मिळाला.

नानांनी मला पेटी शिकवली नाही, कारण त्यांना ती येतच नव्हती. त्यांनी फक्त एक नियम घालून दिला. "तू कायबी वाजव," ते म्हणाले, "पन मले सा देत राय." पेटीच्या पुढच्या अंगाला लाकडी खुंट्या असतात. त्यातली एक बाहेर ओढली की भात्यात हवा आहे तोवर सा आपोआप गुणगुणत राहतो. आमच्या पेटीची ती खुंटी कायम बाहेर असायची.

नानांची पट्टी, म्हणजे पेटीवरची जी पट्टी सा धरून ते गायचे ती, तरुणपणी पांढरी दोन होती. पुढे ती काळी एक झाली, आणि मी पेटीवर बसले तोवर पांढरी एक. वय झालं की माणूस एकेक पट्टी खाली उतरतो, त्यात काही कमीपणा नाही, असं ते हसत सांगायचे. पण बाहेरगावी भजनाला गेलो आणि पेटीवर तिथला कोणी असला, की पट्टी सांगायला ते त्याच्या कानाशी जायचे.

माझी माय दोंडाईचाकडची. तीस वर्षं इकडे काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती आणि नाना तिला त्यावरून चिडवायचे. ती भजनाला यायची, मागे खांबाला टेकून बसायची, आणि कधीही गायची नाही. "माले गाता येत नही," म्हणायची. तिच्याकडून याबाबत यापेक्षा जास्त कोणी कधी काढून घेतलं नाही.

बी.ए. झाल्यावर मी भुसावळला एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवायला लागले. अठ्ठ्याऐंशी साल असेल. रोज पॅसेंजरने अपडाऊन. मुलाखतीत विचारलं, पियानो येतो का? मी म्हटलं, येतो. पेटी येते म्हणजे पियानो येणारच, उलट भाता मारायचं काम वाचलं, असा माझा साधा विचार.

शाळेच्या हॉलमध्ये एक काळा उभा पियानो होता. रेल्वेतल्या साहेबलोकांच्या कुठल्याशा नाचाच्या हॉलमधून तो तिथे आला होता म्हणे. उंदरांनी त्याच्या आतलं कापड कुरतडलं होतं, त्यामुळे डाव्या हाताकडच्या दीड सप्तकाच्या पट्ट्या मुक्या होत्या. दाबल्या की नुसतं टक्‌ व्हायचं. आणि भुसावळचं ऊन. लाकूड सुकून फाटू नये म्हणून पियानोच्या पोटात पाण्याने भरलेल्या लोणच्याच्या दोन बरण्या ठेवलेल्या असायच्या. मी पहिल्यांदा झाकण उघडलं आणि आत बरण्या पाहिल्या, तेव्हा कोणा शिपायाने डबा लपवलाय असंच मला वाटलं.

त्या बरण्यांत पाणी भरायला एक म्हातारे गृहस्थ दर बुधवारी यायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. सगळी शाळा त्यांना अंकल म्हणायची. रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या अँग्लो-इंडियन लोकांपैकी अर्धे ऑस्ट्रेलियाला गेले आणि उरलेले कबरस्तानात, असं ते स्वतःच सांगायचे आणि वर हसायचे. हा पियानो त्यांनी तरुणपणी त्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवला होता. शाळेचा त्यावर कागदोपत्री हक्क असेल, खरा मालक कोण ते त्या पियानोलाही माहीत होतं.

मी मुलींकडून प्रार्थना बसवून घेत होते. उजव्या हाताने चाल, आणि नानांच्या नियमाप्रमाणे डाव्या हाताने सा, सा, सा. खालचा सा मुका, म्हणून त्याच्या वरचा बडवत होते. अंकल मागे उभे राहून ऐकत होते.

"टीचर," ते म्हणाले, "आप पियानो से लड़ क्यों रही हैं?"

मला राग आला. मी उठून म्हटलं, मग तुम्हीच वाजवून दाखवा. ते बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वाजवायला लागले. ते जे काही होतं त्याला जॅझ म्हणतात हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मी जन्मभर ज्या पट्ट्यांवर बोटं ठेवली होती त्याच या पट्ट्या, पण त्यांच्यामधून असं काही निघतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर पॅसेंजरच्या वेळेपर्यंतचा तास मी हॉलमध्ये घालवायला लागले. अंकलही बुधवारऐवजी रोज यायला लागले. ते रेल्वेच्या हिंदीत बोलायचे, मी मराठीत, आणि सुरांची नावं ते इंग्रजीत घ्यायचे, मी मनात सरगमेत करून घ्यायचे. एकदा त्यांनी डाव्या हाताची चार बोटं ठेवली: म, ध, सा, ग. मग त्यातला सा तेवढा एक पायरी उतरून नि झाला: म, ध, नि, ग. मग नि जागच्या जागी राहिला आणि उरलेले तिघे एकेक पायरी उतरले: ग, प, नि, रे. सुरांचे तीन मुक्काम झाले आणि हात जेमतेम बोटभर हलला. शेवटचं म्हणजे घर, ते म्हणाले. इथे गाणं घरी येतं.

मी ग, प, नि, रे कडे पाहत राहिले. घर म्हणता, आणि यात सा कुठाय? मग मागचे दोन तपासले. पहिला मुक्काम ते रे चा म्हणत होते, त्यात रे नव्हता. दुसरा प चा, त्यात प नव्हता. ज्याच्या नावाने पत्रिका छापली तो नवरदेवच मांडवात नाही, असा प्रकार.

अंकलना माझी घालमेल फार गमतीची वाटली. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बँडमध्ये त्यांच्या शेजारी एक मित्र उभा राहायचा. माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं वाद्य घेऊन. त्याचं काम एकच, सगळ्यात खालचा, मूळ सूर द्यायचा. "नीचे का सुर उसका," अंकल म्हणाले. "मैं क्यों छूऊँ?" दोघांनी तोच सूर धरला तर खाली गर्दी होते आणि वरचं काही ऐकू येत नाही. म्हणून पियानोवाल्याने मूळ सूर सोडायचा आणि बाकीचे, त्याच्यावरचे रंग धरायचे. याला ते रूटलेस म्हणायचे. वीस वर्षं त्या दोघांनी असं वाजवलं. मग मित्र मेलबर्नला मुलीकडे गेला. अंकलचा हात मात्र वीस वर्षांत जिथे बसायचा तिथेच बसत राहिला, खालचा सूर दुसऱ्याचा समजून. उंदरांनी खालच्या पट्ट्या खाल्ल्या तेव्हा आपलं काहीच अडलं नाही, असं ते म्हणाले.

"लेकिन अकेले में सूखा लगता है," ते म्हणाले. "आप गाओ. आप नीचे का पकड़ो."

माझी फी ही एवढीच. ते वाजवायचे आणि मी पियानोला टेकून उभी राहून खालचा सूर धरायची: आधी रे, मग प, मग लांबलचक सा. माझा आवाज गाण्याचा नाही, पण सूर धरायला पुरतो. पहिल्यांदा मी सा लावला आणि त्यांनी त्यावर ग, प, नि, रे ठेवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा तोच रोजचा सा, नानांना द्यायचा तो, इतका श्रीमंत असतो हे मला माहीत नव्हतं. आठ महिने मी असा सा धरला आणि मधल्या वेळात स्वतः ती बोटं शिकले. पेटीवर वाजवायला एकच हात मोकळा, म्हणून उजव्या हाताने शिकले. पॅसेंजरमध्ये खिडकीच्या चौकटीवर वाजवत यायची. समोरच्या बायकांना वाटायचं, मास्तरीणबाई काहीतरी मोजतायत.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि तीच खरी होती. सा सोडायचा, हे मी शिकले. तो सोडला तेव्हा दर वेळी कोणीतरी धरलेला होता, आणि धरणारी मीच होते, हे मी विसरले.

चैत्रात आमच्या गावी सप्ताह बसतो. सात दिवस मंदिरात भजन-कीर्तन अखंड चालतं, आणि सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. वीणा म्हणजे गळ्यात अडकवायची, दोन-चार तारांची. एकाचा पहारा संपला की त्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. दुपारी पुरुष जेवून कलंडतात, तेव्हा बायका पहाऱ्याला उभ्या राहतात. मायचाही दरवर्षी एक तास असायचा. वीणा वाजली पाहिजे असं काही नव्हतं, गळ्यात असली पाहिजे, बस्. तारा कुठल्या सुरात आहेत हे कोणी पाहत नसे. बहुतेक कुठल्याच नसायच्या.

शेवटच्या आदल्या दिवशी संध्याकाळचं भजन. आजूबाजूच्या चार गावांची मंडळं आलेली, मांडव भरलेला, दिवसभराच्या उन्हाने पखवाजाचं पान ताणून चढ्या सुरात गेलेलं. नानांचे दोन अभंग झाले, गजर झाला, टाळ थांबले. आता नाना तिसरा उचलणार. दर वेळी या क्षणी ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत. डोळे मिटायचे, आणि पेटी जो सूर देईल तो घेऊन उठायचे.

मी खुंटी आत ढकलली. का, ते आज सांगायला सोपं आहे: मला दाखवायचं होतं. शेजारच्या गावच्या पेटीवाल्याला, मांडवातल्या माझ्या मैत्रिणींना, आणि सगळ्यात जास्त नानांना, की मी काय शिकून आले. खुंटी मुकाट्याने बसली. मी चार बोटं ठेवली, ग, प, नि, रे, आणि भाता भरून दिला. मांडवात ते फार सुंदर वाजलं. आणि नानांनी त्यातला सगळ्यात खालचा सूर घेतला, जसा त्यांनी जन्मभर घेतला होता, सा समजून.

तो सा नव्हता, ग होता. म्हणजे नाना पांढरी तीनवर उभे राहिले. तरुणपणीसुद्धा ते त्या पट्टीत गायले नव्हते.

पहिल्या ओळीतच मला कळलं. टाळकऱ्यांनी ओळ झेलली, पखवाज सुरू झाला, आणि आता सगळा मांडव पांढरी तीनवर होता. मी हात वर करू शकत होते. पेटी थांबवून "नाना, पट्टी चुकली, माझ्यामुळे," एवढं म्हणू शकत होते. लोक हसले असते, नानाही हसले असते. मी नाही म्हटलं. मी मुकाट्याने त्या नव्या पट्टीत वाजवत राहिले, आणि मनात म्हणत राहिले की कडवं वर जाणार नाही. कडवं वर जाणारच होतं, ती चाल मला पाठ होती.

वरच्या सुराला नानांचा आवाज फाटला. त्यांनी परत प्रयत्न केला, परत फाटला, आणि मग नुसती हवा आली. ते खोकले. शेजारच्या गावच्या एका तरुण गायकाने ओळ उचलून घेतली आणि भजन पुढे गेलं. नाना टाळ मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माझ्याकडे पाहायचं काही कारणच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात ठरून गेलं: नानांचा घसा गेला. वय झालं. कोणी ज्येष्ठमध आणून दिला, कोणी हळदीचं दूध सांगितलं. सगळे इतके प्रेमाने बोलत होते की मला तोंड उघडता येईना. एकदा नाही उघडलं की पुढच्या दिवशी ते आणखी जड होतं. मंडळाने पहिला सूर त्या तरुण गायकाकडे दिला आणि नानांनी स्वतःच तो द्यायला सांगितला. टाळ भिंतीवरच्या खुंटीला अडकवले. बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना ते गुणगुणायचे, दोन ओळी पलीकडून तो आवाज ऐकून मी त्यांना शोधायची. आता डबा घेऊन गेले की हाका माराव्या लागायच्या.

अंकलनी सोमवारी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, छान झालं. मग मी हॉलमध्ये थांबणं बंद केलं. प्रार्थनेपुरता पियानो वाजवायचा, आणि तोही पूर्वीसारखा सा बडवत. ते बुधवारी येत, बरण्या भरत, माझ्याकडे बघत आणि जात.

पाऊस संपून थंडी पडली तेव्हा एका बुधवारी त्यांनी पियानोचं झाकण बंद केलंच नाही. बसले आणि म, ध, सा, ग धरून थांबले. "पकड़िए," ते म्हणाले. मी रे लावायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. शाळेच्या हॉलमध्ये, चौथीच्या मुलींच्या देखत. मुली बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. खुंटी, मांडव, पांढरी तीन, ज्येष्ठमध, सगळं.

त्यांनी एकच विचारलं. "नीचे कौन था?"

"कोणी नव्हतं."

त्यांनी बोटं पट्ट्यांवरून काढून घेतली. मग म्हणाले, "मैं तो उसका सुर उसके लिए छोड़ता हूँ. आपने तो बाबा का सुर छीन लिया." आवाज चढवला नाही. मग म्हणाले, आणि हे त्या दिवशी पॅसेंजरमध्ये बसून मी पुन्हा पुन्हा ऐकत होते: "बाबा को बोला?"

त्या रविवारी सकाळी मी पेटी ओसरीवर आणली. नाना चहा पीत होते, माय तूर निवडत होती. मी म्हटलं, नाना, तुमचा घसा गेलेला नाही. त्या दिवशी मी तुम्हाला सा दिलाच नव्हता, ग दिला होता.

नाना हसले. "तू मले समजावू राह्यली व," ते म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगी बापाचं मन राखतेय. मी शपथा घेतल्या, ते मान डोलवत राहिले. ते हसणं मला सहन होईना. शेवटी मायच म्हणाली, "एक डाव म्हनी पहा ना. इतली सांगी ऱ्हायनी ती."

मी खुंटी ओढून पांढरी एकचा सा दिला. ते नाइलाजाने, बसल्या बसल्या, अर्ध्या आवाजात तोच अभंग म्हणायला लागले. कडवं आलं, वरचा सूर आला, आणि लागला. बारीक लागला, पण लागला. नाना थांबले. मी त्यांना बोलू दिलं नाही. खुंटी आत ढकलली, ग, प, नि, रे धरलं आणि म्हटलं, आता पुन्हा सुरू करा. त्यांनी डोळे मिटले, सूर घेतला आणि म्हणायला लागले. पांढरी तीन. त्यांची पहिली ओळ पुरी झाली तशी मी खुंटी ओढली. खालून सा आला आणि नानांना ऐकू आलं की ते भलतीकडेच उभे आहेत.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. म्हणजे मी तशी आशा लावून बसले होते. त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली.

"इतके महिने मी माह्या गळ्याले शिव्या देत होतो," ते म्हणाले. "अन् तुले माहीत होतं."

मी हो म्हटलं.

"तुह्या तोंडाले कुलूप होतं का?"

त्यांनी टोपी घातली आणि बागेत निघून गेले. पुढे पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पोरीवर चिडणारा माणूस नव्हता तो. लहानपणी मी विहिरीत त्यांचं घड्याळ पाडलं तेव्हाही ते हसले होते. त्या पंधरा दिवसांत मी रोज ठरवायची की पेटी विकून टाकायला सांगू. पण रोज डबा घेऊन जाताना बांधावर थांबून कान द्यायची. बाराव्या की तेराव्या दिवशी बागेतून गुणगुणणं ऐकू आलं. मी तिथेच बांधावर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. मग डबा दिला, त्यांनी घेतला, आणि तेव्हाही बोलले नाहीत.

बोलले ते जेवताना, एकदम. "ते तुह्यं वाजवनं वाईट नव्हतं," त्यांनी भाकरी मोडत म्हटलं. "चांगलं होतं. पन मंग सा कोन धरीन?"

मी म्हटलं, कोणीतरी लागतं. अंकलचा मित्र, मेलबर्न, माणसाएवढं वाद्य, सगळं सांगितलं. नानांनी लक्ष देऊन ऐकलं. आपल्या गावात असा माणूस कुठून आणायचा, यावर आम्ही दोघं विचार करत बसलो. पखवाज उन्हाने चढतो. टाळांना सूर एकच आणि तोही ज्याचा त्याचा. माय भाकरी थापत होती. तिने मागे न बघता विचारलं, "वीणाले तारा शेतस ना? मंग त्या कसाले शेतस?"

आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत राहिलो. सात दिवस जी कधी खाली ठेवत नाहीत, जिच्याशेजारी मी वर्षानुवर्षं पेटी घेऊन बसले, तिच्या तारा लावाव्यात हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "कोन वाजवीन?" नाना म्हणाले. "मना पहारा ऱ्हास ना दुपारले," माय म्हणाली. "मी धरसू."

पुढच्या चैत्रात पहिला सूर त्या तरुण गायकाचाच होता आणि त्यात कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण दुपारी, बायकांच्या पहाऱ्याला, मंदिरात फार माणूस नसतं. माय उभी राहिली, आधीच्या बाईने तिच्या गळ्यात वीणा घातली. वीणा उतरवायची नाही, म्हणून ती तिच्या गळ्यात असतानाच मी खुंट्या पिळल्या, तिच्या छातीशी कान लावून. तारेच्या आवाजाबरोबर मला तिचा श्वासही ऐकू येत होता. दोन तारा पांढरी एकला आणून मी पेटीवर जाऊन बसले. नाना समोर. वर्षभराने टाळ हातात. पाच-सहा टाळकरी, दोन-तीन म्हाताऱ्या, भिंतीशी झोपलेला एक माणूस.

मी खुंटी आत ढकलली. नानांनी ते पाहिलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. मायकडे बघत राहिले. तिने तार छेडली. त्यावर मी ग, प, नि, रे ठेवलं. नानांनी सा घेतला आणि ओळ उचलली.

मला वाटतं त्या तासाइतकं चांगलं मी पुन्हा कधी वाजवलं नाही. माय न चुकता, न घाई करता, विहिरीवरून पाणी शेंदावं तशी एका लयीत तार छेडत होती. तिचं लक्ष ना देवाकडे ना आमच्याकडे, फक्त त्या तारेकडे. अभंग कडव्यापर्यंत आला, नाना वर चढले, आणि वरच्या सुराला त्यांचा आवाज चिरला. थोडासाच, पण चिरला. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पट्टी पाहिली, खुंटी पाहिली, तार ऐकली. सगळं जागच्या जागी होतं.

नानांनी टाळ धरलेला हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "हे माह्यं."

ते हसत होते. मायने पुढची तार छेडली आणि नानांनी तीच ओळ पुन्हा सा पासून उचलली.